रिटायरमेंटनंतर थायलंडला राहायचंय? आधी दोन चुलींचा हिशोब करा

भुसावळला आलो की स्टेशनपासून घरापर्यंत तीन जण तरी तोच प्रश्न विचारतात, "भाऊ, पेन्शन पुरस का तठे?" म्हणजे तिथं थायलंडला पेन्शनवर भागतं का. आता हे इतक्या वेळा झालंय की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकावं, म्हणजे चहाच्या टपरीवर तासभर उभं राहून बोटं मोडत हिशोब सांगायला नको.

आमची ओळख एवढीच की रेल्वेतून रिटायर झालो, मुलगा पुण्यात सेटल, मुलगी सासरी, आणि घरी आम्ही दोघं. मी आणि मंडळी (म्हणजे आमची बायको) दोन वर्षं पूर्ण थायलंडला राहिलो, चियांग माई म्हणून उत्तरेकडचं शहर आहे तिथं. आता वर्षभर राहत नाही, फक्त हिवाळ्याचे तीन महिने जातो. का ते पुढे येईलच, कारण सगळी गोम त्याच्यातच आहे.

पायरी १ : व्हिडिओ बघणं बंद करा

मोबाइलवर जे गोरे लोक सांगतात ना, की थायलंड किती स्वस्त, महिना हजार डॉलरमधे राजासारखं राहतो, ते खोटं नाही पण ते त्यांच्यासाठी आहे. त्यांची पेन्शन डॉलरमधे, आपली रुपयात. त्यांच्याकडे एका खोलीचं भाडं जेवढं असतं तेवढ्यात त्यांचा तिथं महिना निघतो, म्हणून त्यांना स्वस्त. आपल्याकडे स्वतःचं घर आहे, भाडं शून्य, वावरातून गहू येतो, डाळ येते, केळी तर कोणी विकत घेतच नाही. मग आपल्याला थायलंड स्वस्त कसं पडणार? तो हिशोबच वेगळा.

बाथ हे तिथलं चलन. एक बाथ म्हणजे आत्ता साधारण पावणेतीन रुपये धरा. २०१८ च्या सुमारास तोच बाथ दोन रुपयांच्या थोडा वर होता. म्हणजे तिथली भाजी एक पैशानं महाग झाली नाही तरी आपल्याला ती दरवर्षी महाग पडते. हे मी गेल्यावर शिकलो, तुम्ही जायच्या आधी शिका.

पायरी २ : घरचा महिना लिहून काढा

हे कोणीच करत नाही. बायकोला विचारा, तिला माहीत असतं. आमचं भुसावळचं घर बंद असलं तरी खातं : घरपट्टी-पाणीपट्टीचे महिन्याला साधारण ९००, लाइटचं मीटर चालू ठेवायचे ३००, मावशी आठवड्यातून एकदा येऊन झाडून-पुसून खिडक्या उघडतात त्यांचे १,०००, दोन सिमकार्ड जिवंत ठेवायचे ६०० (हे सिम बंद पडलं की ओटीपी बंद, ओटीपी बंद म्हणजे बँक बंद, म्हणजे तुम्ही परदेशात भिकारी), आणि लग्नकार्याचा आहेर सरासरी २,५००. आहेर चुकत नाही हो, तुम्ही चंद्रावर गेले तरी पत्रिका व्हॉट्सअॅपवर येते आणि खाली क्यूआर कोडही येतो. झाले ५,३०० रुपये. ही पहिली चूल. ती विझत नाही, मंदावते फक्त.

पायरी ३ : तिथला महिना

आता दुसरी चूल. हा आमचा दोघांचा खरा हिशोब आहे, बाथमधे, दुसऱ्या वर्षाचा. पहिल्या वर्षाचा सांगत नाही, त्याच्यात मूर्खपणाच जास्त होता.

भाडं ११,०००. लाइट सरासरी १,५००. पाणी १५०. इंटरनेट आणि मोबाइल ९००. घरचं खाणं म्हणजे भाजी, तांदूळ, दूध, फळं ९,०००. बाहेरचं खाणं ३,०००. येणं-जाणं २,०००. औषधं, डॉक्टर २,०००. आजारपणाचा डबा ४,००० (हा खर्च नाही, बाजूला टाकायचा, त्याच्यावर खाली लिहिलंय). भारतात येण्या-जाण्यासाठी दर महिन्याला बाजूला ३,५००. किरकोळ आणि विसाची फी वगैरे २,०००. बेरीज ३९,०५०. पावणेतीननं गुणा, एक लाख सात हजार रुपये.

बसा जरा. पाणी प्या.

यातल्या काही गोष्टींवर बोलायला पाहिजे, सगळ्यांवर नाही.

भाडं : ८,००० पासून १५,००० पर्यंत बरी एक-बेडरूमची खोली मिळते, फर्निचर, फ्रिज, एसी सगळं असतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ द्यावं लागतं. खोली बघताना भाड्याच्या आधी लाइटचा रेट विचारा. सरकारी रेट युनिटला चार बाथच्या आसपास पडतो, पण बऱ्याच बिल्डिंगमधे मालक स्वतःचं मीटर लावून सात-आठ बाथ घेतात. एप्रिलमधे एसी चालला तर तुमचं १०,००० चं घर १३,००० चं होतं. आणि डिपॉझिटचं म्हणाल तर पहिल्या घरमालकिणीनं आमचे ३,००० बाथ कापले, कशापायी, तर ओट्यामागच्या भिंतीवर हळदीचे डाग. तिची काही चूक नाही म्हणा, तिथं फोडणी हा प्रकार नाही, ओटा म्हणजे शोभेची वस्तू. दुसऱ्या घरात गेल्या दिवशीच आम्ही भिंतीला प्लॅस्टिकचा चिकट कागद लावला, आणि खोलीचा कोपरा न कोपरा मोबाइलवर शूट करून मालकाला पाठवून दिला. हे दोन्ही करा.

पाणी : नळाचं कोणी पीत नाही. रस्त्यावर मशीन असतात, एक बाथ टाकला की लिटरभर फिल्टरचं पाणी. दोन कॅन घेऊन रोज संध्याकाळी पाणी भरायला जाणं हा माझा तिथला इव्हिनिंग वॉक.

येणं-जाणं : लाल रंगाच्या गाड्या असतात, मागे समोरासमोर दोन बाकं, आपली काळीपिवळी समजा फक्त कोणी टपावर बसत नाही. शहरात जवळपास माणशी ३० बाथ. स्कूटर भाड्यानं महिना २,५०० ते ३,५०० ला मिळते पण आपलं दुचाकीचं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही पाहिजे, हेल्मेट पाहिजे, आणि मुख्य म्हणजे साठीनंतर परदेशातल्या रस्त्यावर स्कूटर पाहिजेच का हा प्रश्न स्वतःला विचारा. अपघात झाला आणि लायसन्स नसलं तर इन्शुरन्सवाले सरळ हात वर करतात. आम्ही घेतली नाही. बाजार आणि दवाखाना पायी गाठता येईल अशी खोली घेतली, भाडं हजार बाथ जास्त, स्कूटरचे तीन हजार वाचले.

पायरी ४ : पोटाचं

इथं मी जरा थांबणार, कारण महिन्याच्या खर्चात जास्तीत जास्त फरक इथंच पडतो, आणि खान्देशी माणूस परत येतो तो ह्याच कारणानं.

आम्ही शाकाहारी. थाई जेवणात माशाच्या पाण्याचा सॉस सगळीकडे, भाजीतसुद्धा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते 'जे' हॉटेल, तिथं मांस-मासे-अंडं काही नाही, भातावर दोन-तीन भाज्या, स्वस्तात काम होतं. पण 'जे' म्हणजे लसूण-कांदाही नाही. लसणाशिवाय खान्देशी माणूस आठवडाभर काढील, पुढे त्याचा चेहरा उतरतो. मग भारतीय हॉटेलात जायचं, तिथं दोघांचं बिल सहज ५००-६०० बाथ. असं आठवड्यातून तीनदा झालं की संपलं तुमचं बजेट. पहिल्या वर्षी आमचं हेच झालं, महिन्याला आठ-नऊ हजार बाथ नुसते पनीर बटर मसाल्यात गेले. थायलंडमधे बसून पंजाबी जेवण, आणि पैसे भुसावळचे.

सुटका कशी झाली ते सांगतो. मंडळींना भरीत करायचं होतं. घरात इंडक्शन, वांगं भाजणार कशावर? आणि वांगी तरी कशी, तिथली गोल वांगी लिंबाएवढी, कच्ची खातात ती. पण मुआंग माई बाजारात लांब हिरवी वांगी मिळतात, हातभर, आपल्या बामणोदच्या भरताच्या वांग्यांसारखी गोलमटोल नाही पण रंग हिरवा आणि बी कमी. ती घेऊन आम्ही निघालो तर कडेला एक बाई कोळशावर काय भाजत होती माहिती आहे का? हीच वांगी, आणि हिरव्या लांब मिरच्या, आणि लसणाचे गड्डे. भाजून, साल काळी पडलेली, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून विकायला. त्या भागात हिरव्या मिरचीची एक चटणी करतात, नाम प्रिक नुम म्हणतात, भाजलेली मिरची-लसूण-कांदा मातीच्या खलात लाकडी बत्त्यानं ठेचून. मंडळी तिथंच उभ्या राहून माझ्याकडे बघायला लागल्या. बडगी-मुसळीच होती हो ती, नाव फक्त वेगळं. तयार चटणीत बरेच जण माशाचं काहीतरी घालतात म्हणून ती घेऊ नका, भाजलेली वांगी-मिरच्या घ्या आणि घरी ठेचा. तो खल आम्ही बाजारातूनच घेतला, आणि त्या दिवसापासून बाहेरचं खाणं नऊ हजारावरून तीन हजारावर आलं.

म्हणून सांगतो, तिथलं जे स्वस्त आहे त्याच्यात आपलं काय बसतं ते शोधा. भाजी, फळं, तांदूळ, शेंगदाणे, नारळ, टोफू, हे स्वस्त आणि चांगलं. गव्हाचं पीठ, तूरडाळ, तूप, आपले मसाले, हे महाग, भारतीय दुकानातच मिळतं. ज्वारीचं पीठ दिसलं तर नशीब. आम्ही भाकरीची हौस आठवड्यातून एकदा भागवतो आणि बाकी दिवस भात. ज्याला रोज कळण्याची भाकरी आणि शेवभाजीच पाहिजे त्यानं तिकडे जाऊ नये, उगाच दोन्हीकडचं नुकसान.

पायरी ५ : विसा, आणि त्याच्यात अडकणारा पैसा

इथं दोन रस्ते आहेत आणि तुमचा सगळा खर्च कोणता रस्ता घेता त्याच्यावर ठरतो.

पहिला रस्ता, रिटायरमेंटवाला. वय ५० च्या वर पाहिजे. थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाथ पाहिजेत, किंवा दर महिन्याला ६५,००० बाथ बाहेरून आलेले दाखवायचे, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख. ६५,००० बाथ म्हणजे पावणेदोन लाखाच्या वर रुपये, एवढी पेन्शन आपल्यात किती जणांना हो? म्हणून सगळे ८ लाखवालेच. ते पैसे अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात पाहिजेत, मंजूर झाल्यावर तीन महिने तसेच ठेवायचे, आणि उरलेल्या वर्षात ४ लाखाच्या खाली आणायचे नाहीत. थोडक्यात वर्षातले पाच महिने ८ लाख आणि बाकीचे सात महिने निम्मे पैसे नुसते बसून.

८ लाख बाथ म्हणजे २२ लाख रुपये. तेच आपल्याकडे एफडीत सात टक्क्यानं ठेवले असते तर वर्षाला १ लाख ५४ हजार व्याज आलं असतं, महिन्याचे पावणेतेरा हजार. तिथली बँक नावापुरतं व्याज देते. मधल्या काळात ४ लाख काढून खर्चाला वापरले तरी पुढच्या वर्षी ते परत भरायचेच, म्हणून मी पूर्ण २२ लाखाचंच व्याज गेलं असं धरतो. कोणीही हा खर्च लिहीत नाही कारण तो खिशातून जाताना दिसत नाही. मी लिहिला. आता बेरीज करा : तिथले १ लाख ७ हजार, घरचे ५,३००, बुडालेलं व्याज पावणेतेरा हजार. सव्वा लाख रुपये महिना. दोन चुली, आणि बँकेत पेटलेली ही तिसरी.

बायकोचं काय? तिला वेगळे ८ लाख दाखवायचे नसतील तर नवऱ्यावर अवलंबून म्हणून तिचा विसा होतो, पण त्याला लग्नाचा दाखला लागतो, त्यावर आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, वर थाई भाषांतर. आमचं लग्न १९८४ चं, गावात मांडवात, कसला दाखला आणि कसलं काय. मग चाळीस वर्षांनी नोंदणीला उभे राहिलो, लग्नपत्रिका शोधली ती मंडळींच्या माहेरी देव्हाऱ्याच्या मागं सापडली, हळद लागलेली, एका कोपऱ्याला वाळवी. साक्षीदार आणायचे तर लग्नातले निम्मे वारलेले. हे काम सगळ्यात आधी हातात घ्या, आमचे तीन महिने त्याच्यातच गेले.

पैसे पाठवताना आपल्याकडे एक गोष्ट सांभाळा. परदेशात पैसे पाठवायची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, ती आपल्याला कशाला लागते, पण एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते. २२ लाख एकदम पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार कापले जाणार. परत मिळतात, रिटर्न भरल्यावर, पण तोवर अडकले ना. म्हणून १० लाख मार्चमधे पाठवा, १० लाख एप्रिलमधे, मग फक्त वरच्या २ लाखांवर ४०,००० कापले जातात. मर्यादा पॅनवर मोजतात, चार बँकांतून पाठवले म्हणून चुकत नाही.

एकदा विसा झाला की दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा, विसरलात तर २,००० बाथ दंड. वर्षाची मुदतवाढ १,९०० बाथ. मधे भारतात यायचं तर आधी री-एन्ट्री परमिट, एका वेळेचं १,०००, कितीही वेळा जायचं तर ३,८००. हे न काढता विमानात बसलात तर विसा तिथंच संपला, २२ लाख ठेवून काढलेला. आमच्या ओळखीच्या एकाचं झालंय असं, आईच्या दहाव्याला धावत निघाले आणि परमिट राहिलं.

मुदतवाढीच्या दिवशी पासबुक त्याच दिवशीचं अपडेट लागतं. आणि तिथल्या पासबुकात साल वेगळं असतं, आपल्या इंग्रजी सालात ५४३ मिळवायचे, २०२५ म्हणजे त्यांचं २५६८. पहिल्यांदा बघितलं तर वाटलं बँकेनं मला पाचशे वर्षं पुढं ढकलून दिलं.

अजून एक, ह्या विसावर कमाई करायची नाही. कुठलीच. शेजाऱ्यांना डबे करून देणं, योगा शिकवणं, पैसे घेऊन काहीच नाही. खान्देशी बाईचा हात लागला की लोक डबा मागायला लागतातच, प्रेमानं खाऊ घाला, पैसे घेऊ नका.

दुसरा रस्ता, पाहुण्यावाला. भारतीय पासपोर्टवर नोव्हेंबर २०२३ पासून विसाशिवाय ३० दिवस मिळायला लागले, जुलै २०२४ पासून ६० झाले. आम्ही गेलो तेव्हा त्याच्यावर तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात १,९०० बाथ भरून ३० दिवस वाढवता आले, असे झाले ९०. ही सवलत अशी वरखाली होत राहते, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या साइटवर आकडा बघूनच पुढे जा. मे २०२५ पासून निघण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड पण भरावं लागतं, फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइट नकली.

ह्या रस्त्याला २२ लाख नाही, लग्नाचा दाखला नाही, री-एन्ट्री नाही. तोटा म्हणजे तिथं बँक खातं सहसा काढून देत नाहीत, मग फॉरेक्स कार्ड आणि रोख. एटीएमवर दर वेळी दोन-अडीचशे बाथ कापतात, म्हणून दोन-दोन हजार काढत बसू नका, एकदम वीस हजार काढा.

पायरी ६ : आपल्याकडचे कागद

पूर्ण वर्ष जाणार असाल तरच हे वाचा. कायमचं राहायला गेलात की साधं सेव्हिंग खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्याचं भारतातलं खातं) करावं लागतं. पेन्शन त्याच्यात येते, अडचण नाही, पण व्याजावर ३० टक्के टीडीएस आणि वर सेस, आणि व्याजावर कापू नका असा जो फॉर्म आपण दर एप्रिलला बँकेत देतो तो चालत नाही. पोस्टातली सीनियर सिटिझनची योजना नव्यानं काढता येत नाही. आणि थायलंडमधे वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही तिथले करदाते, १ जानेवारी २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर ते कर धरू शकतात. दोन देशांत करार आहे, दोनदा भरावा लागू नये म्हणून, पण कागद तुम्हालाच दाखवावे लागतात. जळगावात सीए भरपूर आहेत, जाण्याआधी एकदा फी देऊन बसा, फुकटचा सल्ला इथं महाग पडतो.

हयातीचा दाखला नोव्हेंबरमधे. घरूनच मोबाइलवर चेहरा दाखवून होतो आता, निघायच्या आधी करून टाका.

पायरी ७ : आजारपण

आपली मेडिक्लेम सहसा भारतातच चालते. ट्रॅव्हल इन्शुरन्समधे बीपी-शुगरसारखं जुनं दुखणं बहुतेक वेळा धरत नाहीत, आणि आपल्या वयात जुनं नसलेलं दुखणं असतंच कुठं. तिथली पॉलिसी साठीनंतर इतकी महाग की आम्ही घेतली नाही, त्याऐवजी ४,००० बाथ महिन्याला डब्यात टाकत गेलो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, हृदयाचं ऑपरेशन आलं असतं तर डबा पुरला नसता. आमचा हिशोब असा की सर्दी-ताप, दात, पाय मुरगळणं तिथं, मोठं काही असलं आणि प्रवास झेपत असला तर भुसावळचं रेल्वे हॉस्पिटल, कारण रिटायरमेंटला मेडिकलची सोय घेतली होती आणि रेल्वेच्या दवाखान्याचं उम्मीद कार्ड आहे. तुमच्याकडे असं काही नसेल तर पॉलिसी घ्याच, आणि वर्षभर जाऊ नका.

रोजची गोळी तीन महिन्यांची सोबत न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. झोपेच्या गोळ्या आणि कडक पेनकिलर यांना तिथं वेगळे नियम आहेत, त्या नेण्याआधी तपासा.

पायरी ८ : किती महिने?

चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल जंगल आणि शेतं जाळतात, धूर असा की समोरचा डोंगर आठ-आठ दिवस दिसत नाही, घरात हवा साफ करायचं मशीन लावून बसायचं. पहिल्या वर्षी आम्ही मार्चमधे पळून भुसावळला आलो तर इथं चाळीस डिग्रीच्या वर. एका होळीतून दुसऱ्या होळीत. पण निदान आखाजीला घरी होतो, लेक माहेरी आली, कैऱ्यांचं लोणचं झालं, बिबड्या वाळल्या. तेव्हाच मंडळी म्हणाल्या, आपण तिकडे राहतो कशाला, आपलं वर्ष तर इकडेच आहे.

म्हणून आता असं करतो. दिवाळी घरी. नोव्हेंबर लागला की पहिल्या-दुसऱ्या दिवशी हयातीचा दाखला. मग रेल्वेच्या पासवर मुंबई, तिथून बँकॉक साडेचार तासांच्या आत, पुढं चियांग माई. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, हवा छान, सकाळी स्वेटर लागतो. धूर सुरू व्हायच्या आत परत. घरभाडं तीन महिन्यांसाठी थोडं चढं पडतं, पण लाइट कमी येतं म्हणून भरून निघतं. भारतात यायचे ३,५०० वजा केले तर महिना ३५,५५० बाथ, तीन महिन्यांचे २ लाख ९३ हजार रुपये, आणि दोघांचं विमान धरून साडेतीन लाख. पूर्ण वर्ष राहिलो तर पंधरा लाख. पंधरा लाख माझ्याकडे नाहीत, आणि असते तर भावानं केळीच्या वावरात ठिबक बदलायला मागितले असते.

ज्यांना वर्षभरच राहायचंय त्यांनाही मी हेच सांगतो, आधी ९० दिवस राहून या. घर विकू नका, भाड्यानं देऊ नका. तिथं फ्लॅट घ्यायचा विचार आला तर एवढं लक्षात ठेवा की परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, बिल्डिंगमधला फ्लॅट घेता येतो, तोही एका बिल्डिंगच्या ४९ टक्के क्षेत्रापर्यंतच परदेशी लोकांना. पहिल्या तीन महिन्यांत हा विचार येतोच, हवाच तशी असते. जानेवारीत घेऊ नका, मार्चमधे जाऊन बघा मग बोलू.

सामानात काय न्यायचं ते शेवटी : छोटा कुकर, पोळपाट-लाटणं (तिथं आम्हाला सापडलं नाही, एक महिना पोळ्या बाटलीनं लाटल्या), काळा मसाला दोन किलो, कळण्याचं पीठ पॅकिंगचं, बिबड्या, आणि घराच्या किल्ल्यांचा एक जुडगा शेजारी. आमच्या शेजारच्या आप्पांकडे असतो. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांचा फोन आला, तुमच्या गच्चीवरची टाकी वाहून राहिली दोन दिवसांपासून. मी चियांग माईतून व्हिडिओ कॉलवर त्यांना कॉक दाखवत होतो, डावीकडचा नाही, उजवीकडचा, आप्पा, त्याच्या खालचा.